९ मीटर उंच शेड: मेटल हॅलाइड काढून सगळीकडे एकच एलईडी हायबे चालेल का?

भोसरी_शेड
४० × २० मीटरची शेड, उंची ९ मीटर. लेथ, मिलिंग, वर ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर धावणारी विजेवरची क्रेन). एका टोकाला पावडर कोटिंगचा बूथ, त्याला लागून रंग-थिनर मिसळायची बंद खोली. सध्या ४०० वॉटचे मेटल हॅलाइड आहेत. लाइट गेली की पुन्हा पेटायला १०-१५ मिनिटं. पुरवठादार म्हणतो, सगळीकडे १५० वॉटचे आयपी ६५ हायबे (उंच छतावरून टांगायचे एलईडी दिवे) लावा. चालेल का? नग किती?

लक्सवाला
मशीन शॉपला सरासरी ३०० लक्स, म्हणजे दर चौ.मी.वर ३०० लुमेन उजेड धरा. ८०० चौ.मी. म्हणजे कामाच्या पातळीवर २,४०,००० लुमेन पोचायला हवेत. वॉटमागे १३० लुमेन असतील तर एक नग १९,५०० देतो. भिंती-छत खातात त्याचे ०.६, धूळ आणि वयाचे ०.८, असं गुणलं की हाती ९,३६०. हिशोब २६ च्या आसपास येतो. ७-७ च्या चार ओळी करून २८ लावा.

बीम, म्हणजे उजेड पसरण्याचा कोन, ९० अंशांचा. ६० चा उंच रॅकच्या गल्लीत ठीक, इथे मशीनच्या बाजूंवर गडद सावल्या पडतील. मायक्रोमीटर वाचण्याइतका उजेड छतावरून आणायचा हट्ट नको, मशीनवरच २४ व्होल्टचा दिवा बसवा.

ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) फ्लिकर-फ्रीच हवा. स्वस्त ड्रायव्हरचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि लेथवर काम पकडणारा तीन जबड्यांचा चक २००० आरपीएमला नेमका थांबल्यासारखा दिसतो. लेथवर हे जिवावर बेतू शकतं.

झोन_तपासनीस
थिनरच्या खोलीत हा हायबे अजिबात नको. आयपी ६५ म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, एवढंच. थिनरची वाफ आत शिरून पेटली तर ती ज्वाला आतच राहील, याची हमी त्यात नाही. तिथे झोन १ (नेहमीच्या कामातही स्फोटक वाफ होऊ शकते असा भाग) ची, गॅस ग्रुप टू-बी (कोणत्या वाफांना चालते तो गट), टी४ वर्गाची (बाहेरून किती तापू शकते ती मर्यादा) फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ज्वाला बाहेर न सोडणारी, फिटिंग घ्या. पेसोची (स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मंजुरी मागून घ्या. स्विच खोलीबाहेर.

फिटिंग बहुतेक वेळा बरोबर येते, घोळ बसवताना होतो. साधी पीव्हीसी ग्लँड (केबल आत शिरते तिथला घट्ट बसणारा जोड) लावतात, दुसरं भोक उघडं सोडतात, झाकणाचे आठातले दोन बोल्ट गायब असतात. मग ती फ्लेमप्रूफ राहत नाही. डबल कॉम्प्रेशन फ्लेमप्रूफ ग्लँड, रिकाम्या भोकाला फ्लेमप्रूफ प्लग, सगळे बोल्ट. झाकणाच्या जोडावर रंग मारू नका.

पावडर बूथचं गणित वेगळं. तिथे धोका जळणाऱ्या धुळीचा, त्यामुळे नुसतं गॅसचं प्रमाणपत्र पुरत नाही. धुळीचा झोन २१ किंवा २२ (जळणाऱ्या धुळीच्या धोक्याचे वर्ग) त्यावर लिहिलेला हवा. जमलं तर फिटिंग बूथबाहेर ठेवून काचेतून उजेड द्या. सपाट माथ्याची घेऊ नका, पावडरचा थर बसून ती तापते.

भोसरी_शेड
आभारी आहे. शेजारच्या गाळ्यात पहिल्याच उन्हाळ्यात एका ओळीतले सगळे ड्रायव्हर एकदम गेले. ते कशाने?

लक्सवाला
एकदम गेले तर आधी न्यूट्रल बघा. तीन फेजांवर वाटलेल्या दिव्यांचा सामाईक न्यूट्रल सैल झाला की हलक्या लोडच्या फेजवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास जातं. एसपीडी (सर्ज अडवणारं उपकरण) इथे कामाला येत नाही, तो व्होल्टेजच्या क्षणभराच्या उसळीसाठी, म्हणजे सर्जसाठी. न्यूट्रल फेजइतकाच जाड ठेवा, टर्मिनल ठरावीक काळाने कसा, ४४० व्होल्ट सोसणारे ड्रायव्हर मागा.

एकेक करून जात असतील तर उष्णता. पत्र्याखाली मे महिन्यात ५० अंश सहज होतात आणि १० अंश वाढले की ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. फिटिंग पत्र्याला चिकटवू नका, ट्रसवरून खाली सोडा, पण क्रेनच्या वाटेत येऊ देऊ नका. हुकशिवाय वेगळी सेफ्टी चेन प्रत्येकाला. एमसीबी (आपोआप बंद होणारा स्विच) सी-कर्व्हची, म्हणजे चालू करतानाचा क्षणिक जादा प्रवाह सोसणारी, एकीवर सात नगांची एक ओळ; बी-कर्व्हची चालू करतानाच ट्रिप होऊ शकते.