निळे रूळ, मधला सेल आणि न चढणारी बुलेट ट्रेन

बफरकाका

नमस्कार मंडळी. विषय खेळण्यांचा आहे, पण विचारणारा माणूस अडुसष्ट वर्षांचा आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

लेक सहा वर्षं तोक्योत होती, निशि-कसाईला. मार्चमध्ये तिघंही कायमचे डोंबिवलीला परतले. भांड्याकुंड्यांबरोबर एक गोणपाटासारखी पिशवी आली. तिकडच्या जुन्या सामानाच्या दुकानात 'जंक' लिहिलेला खोका असतो म्हणे. चालेल की नाही याची हमी नाही, तक्रार चालणार नाही, आणि म्हणून स्वस्त. त्यातून तिने नातवासाठी जमवलेले हे प्लारेल नावाच्या जपानी खेळण्याचे रूळ आणि गाड्या. प्लॅस्टिकचे निळे रूळ, बॅटरीवरच्या तीन-तीन डब्यांच्या गाड्या. रुळात वीज नाही, सगळा कारभार पुढच्या डब्यात: सेल, मोटर आणि टपावर एक खटका.

मी छत्तीस वर्षं सिग्नल खात्यात काढली, त्यातली बरीचशी कल्याण-कसारा पट्ट्यात. त्यामुळे पिशवी आली तशी मी जमिनीवर बसलो आणि तिथेच आहे. मोजदाद केली: सरळ रूळ ४३, वळणाचे ७, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे २, पुलाचे खांब ११. गाड्या दोन. एक पहिली बुलेट ट्रेन, म्हणजे १९६४ साली सुरू झालेली ती गोल नाकाची. दुसरी नारिंगी लोकल. नातू तिला 'च्युओ' म्हणतो, कारण तिकडे च्युओ लाइनच्या लोकलवर त्याच रंगाचे पट्टे असतात.

आता अडचणी.

बुलेटच्या पोटात पेन्सिल सेल बसत नाही, खळग्यात खुळखुळतो. लागतो तो मधला, टॉर्चच्या जाड्या सेलहून बारीक आणि पेन्सिलहून लठ्ठ. आमच्या इथले तिन्ही इलेक्ट्रिकवाले "काका, हा आता येत नाही" म्हणाले. शेवटी पेन्सिल सेल टिश्यूच्या गुंडाळीच्या पुठ्ठ्यात लपेटून बसवला. सपाटीवर झकास पळाली. पण पुलाच्या चढाला लागली की चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी उभी.

नारिंगीची मोटर भुणभुणते, चाक ढिम्म.

रंग पिवळट पडलाय. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवा असं कुणीतरी सांगितलं. ठेवू का?

आणि खरं दुखणं: वळणाचे रूळ ७. एक रूळ ४५ अंशांचा, म्हणजे गोल पुरा व्हायला ८ हवेत. सरळ रूळ कितीही घाला, सातात रिंग बंद होत नाही, हे मी नातवाला सांगून थकलो. सध्या गाडी या टोकाकडून त्या टोकाला जाते आणि डेड एंडला बफर म्हणून मी बसतो. नाव त्यावरूनच घेतलंय.

निशिकासाईची_ताई

काका, ती पिशवी आमच्याच गल्लीतून गेली असणार!

आधी गाडीचं वय. प्लारेल आली १९५९ मध्ये, तेव्हा गाडी हातानेच ढकलायची. मोटर आली १९६१ ला. तुमच्या गाडीला मधला सेल लागतो म्हणजे ती जुन्या घडणीची, हल्लीच्या गाड्या पेन्सिल सेलवर चालतात. खोका असेल तर त्यावरचं नाव बघा. जपानात विकलेल्या मालावर २००६ पासून 'ताकारा तोमी' लिहिलेलं असतं, कारण त्या वर्षी दोन कंपन्या एक झाल्या. नुसतं 'तोमी' असेल तर त्याआधीचं. पोटाखाली 'मेड इन जपान' असेल तर आणखी जुनं, पुढे उत्पादन देशाबाहेर गेलं.

पेरॉक्साइड लावू नका हो! ती पहिली शिनकानसेन, म्हणजे तुमची बुलेट ट्रेन, पांढरीशुभ्र कधीच नव्हती, सायीच्या रंगाची आणि निळी होती. तुम्ही पिवळेपणा समजताय त्यातला निम्मा मूळचाच रंग आहे. शिवाय खिडक्यांचे स्टिकर त्यात आधी जातील.

आणि आठव्या रुळाची काळजी सोडा. १९५९ पासून रुळाचं माप बदललेलंच नाही. आजोबांच्या रुळाला नातवाचा रूळ लागतो, कंपनी हे अभिमानाने सांगते. तेव्हा लोक जमिनीवर बसून बुटक्या गोल टेबलावर जेवायचे, त्या टेबलावर मावेल एवढाच आठ रुळांचा गोल ठेवला होता. माझी नणंद पुढच्या महिन्यात ठाण्याला येतेय, तिच्याबरोबर वळणाचे रूळ पाठवते.

पासोड्याविठोबा

मी पुण्यात बुधवार पेठेत सुटे भाग विकतो, म्हणून फक्त मोटारीबद्दल बोलतो.

दोन्ही गाड्यांचे आजार वेगळे आहेत. मोटर फिरते आणि चाक फिरत नाही, म्हणजे मोटारीच्या दांड्यावरचं छोटं पांढरं दातेरी चाक तडकलंय. पिनियन म्हणतो आम्ही. ते दांड्यावर घट्ट ठोकून बसवलेलं असतं, वर्षानुवर्षं ताणात राहून प्लॅस्टिकला उभी चीर जाते आणि मग दांडा आतल्या आत फिरतो. भिंग धरा, दिसेल. चिकटवायच्या भानगडीत पडू नका, फेव्हिक्विक दात्यात उतरलं की सगळं संपलं. दाते मोजा, जुनं पिनियन सोबत आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल.

बुलेटचं चाक फिरतंय, म्हणजे पिनियन शाबूत. फिरणाऱ्या चाकावर रबराची बारीक कडी असते, ती वाळून काचेसारखी झाली असेल. नखाने दाबून बघा.

सेलच्या जागी हिरवं-पांढरं काही साचलंय का? अल्कलाइन सेल गळला असेल तर कानकोरणीच्या कापसाला व्हिनेगर लावून पुसा, मग पाण्याच्या ओल्या कापसाने, मग पूर्ण वाळवा. पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा गेला की पत्रा गंजतो.

बफरकाका

दोघांचे आभार. चीर दिसली! भिंगातून बघतो तर केसाएवढी, पण आरपार. पिनियन आठ दात्यांचं निघालं. लॅमिंग्टन रोडला पोरगं म्हणालं, "काका, किती हजार पीस?" म्हटलं, एक. त्याने पाच दिले आणि पैसेच घेईना.

साचलेलं होतं. आमच्याकडे व्हिनेगर नव्हतं, लिंबू वापरलं. फसफसलं आणि निघालं. हिने विचारलं, सरबत होतंय का.

रबराची कडी म्हणाल तर अगदी काच. फुग्याच्या मानेतून दोन मिलिमीटरची चकती कापून चढवली. सपाटीवर बरी चालते, चढावर अजूनही घसरते. म्हटलं, कसाऱ्याचा उपाय करू. कसारा ते इगतपुरी चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर गेलात की एक मीटर वर. तिथे गाडीला मागून बँकर इंजिन लावून रेटतात. मी बुलेटच्या मागे नारिंगीचा मोटारवाला डबा लावला. रेटलं त्याने, पण वळणावर मधला रिकामा डबा फुलासारखा उचलला गेला आणि रुळाखाली. पुढून ओढ कमी, मागून रेटा जास्त आणि मध्ये हलका डबा, दुसरं काय होणार. नातू मात्र खूष. त्याला अपघातच बघायचा होता.

खोक्यातलं_बरं

काका, रागावू नका, पण तुम्ही चांगल्या वस्तूची वाट लावताय. जुनी मेड इन जपान बुलेट, स्टिकर शाबूत, अशी गाडी मी तरी पोराच्या हातात दिली नसती. माझ्याकडच्या सहा गाड्या कपाटात आहेत, काचेआड. सेल काढून, सिलिकाची पुडी ठेवून. फुग्याचं रबर कशाला लावता?

दोन_लेकरांची_आई

मी वेगळ्या कारणाने सावध करते. काकांच्या घरात आणखी लहान बाळ आहे का? प्लारेल तीन वर्षांवरच्या मुलांसाठी आहे. तीन वर्षांखालच्यांसाठी छोटे भाग तपासायची जी नळी असते तिची आतली रुंदी ३१.७ मिलिमीटर, त्यात मावेल ते बाळाच्या हाती द्यायचं नाही. जुन्या गाडीचा मोडका हुक, फुग्याची चकती, हे सगळं त्यात मावतं. फुग्याचं रबर तर फारच वाईट, घशाला चिकटून बसतं. आणि फिरत्या चाकाजवळ झोपून बघायची मुलांना हौस असते, माझ्या मुलीची बट आसाला गुंडाळली गेली होती. कात्री लावावी लागली.

निशिकासाईची_ताई

चढावरून मला एक सुचलं. काका, वजन! मधला अल्कलाइन सेल साधारण ६५ ग्रॅमचा, पेन्सिल सेल २३ च्या आसपास. लांबी दोघांची जवळजवळ सारखीच, ५० मिलिमीटर, म्हणून तुमचा पुठ्ठा चालला. पण मोटारीचा डबा ४० ग्रॅमनी हलका झाला की हो!

बफरकाका

ताई, मी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर इंजिन ड्रायव्हरांशी गप्पा मारल्या, इंजिन जड का असतं हे मला दुसऱ्याने सांगावं लागलं. रुळावर पकड वजनाने येते. मी इंजिनातलं वजनच काढून टाकलं आणि रबराला शिव्या देत बसलो.

घरात काटा आहे, हिचा केकचा. पुठ्ठा काढला. पेन्सिल सेलभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, त्यावर लोखंडी वॉशर ओळीने चिकटवले आणि सगळ्यावर इन्सुलेशन टेप. सेलच्या दोन्ही टोकांपासून वॉशर चार चार मिलिमीटर आत ठेवले, नाहीतर शॉर्ट. शिसं वापरलं नाही, आईबाईंनी सांगायच्या आधीच. भरलं ६१ ग्रॅम.

चढली. थांबत नाही, घसरत नाही, बँकरही लागत नाही. माथ्यावर जरा श्वास घेते आणि उतारावर मात्र अशी सुटते की खाली हात धरावा लागतो.

आईबाई, बाळ नाही घरात, पण शेजारचं दहा महिन्यांचं रांगत येतं. फुग्याची चकती काढली, नळाची पातळ रबरी कडी मिळाली ती बसवली, निघता निघत नाही. हुक तपासले. नातवाचे केस त्याच्या आईने परवाच कापलेत.

खोक्यातलंसाहेब, रागावलो नाही. पण ही गाडी जंकच्या खोक्यातून आली, तिचं एक नाक आधीच घासलेलं आहे, आणि खोका तर नाहीच. ज्या पोराने ते नाक घासलं ते आता माझ्या जावयाएवढं असेल. तुमच्या सहांपैकी एखादी गाडी कपाट उघडून बाहेर काढलीत तर निदान तिचं रबर एकदा नखाने दाबून बघा. काचेआडही ते वाळतंच.

बफरकाका

कालची बातमी. ताईंच्या नणंदबाई स्टेशनवर भेटल्या. एका रुळाच्या जागी दोन पाठवलेत, वर नातवाला बिस्किटांचा पुडा. नवा रूळ जुन्यात टक्कन बसला, जराही कुरकुर नाही. निळा रंग मात्र एक पाऊल फिकट आहे, गोलात बरोबर ओळखू येतो.

गाडी संध्याकाळी साडेसहाला सुटली आणि जेवायची वेळ झाली तरी गोल फिरत होती. बफरची गरज संपली म्हणून मी सांध्यावर जाऊन बसलो. तिथून नातवाने उठवलं. म्हणाला, "आबा, तुम्ही आता प्लॅटफॉर्मवर थांबा."