तळाला साखरेसारखा बर्फ आणि वर नवीन थर, उतारावर जावं का?

बर्फवेडा:
मंडळी, जरा घाईत विचारतोय. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासाच बर्फ पडला, मग तीन आठवडे कडाक्याची थंडी आणि निरभ्र आभाळ. गेल्या आठवड्यात जोरदार वाऱ्यासोबत ४० सेंमी पडला, आता दोन दिवस ऊन आहे. काल खड्डा खणला तर वरचा थर घट्ट, पण तळाला बोट लावलं की दाणे साखरेसारखे भसाभस ओघळतात, मुठीत दाबले तरी गोळा होईना. सपाटीवर चालताना एकदा पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाजही आला. पण समोरच्या उतारावर तिघाचौघांच्या स्कीच्या खुणा आहेत, त्यांना काही झालेलं दिसत नाही, आणि हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोका ५ पैकी ३, म्हणजे मधलाच ना?

रानवाट:
नको जाऊस रे. तो ‘धप्प’ म्हणजे तुझ्या वजनानं खालचा कमकुवत थर खचला, हेच उतारावर झालं असतं तर वरच्या घट्ट थराची अख्खी लादी सुटली असती. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि वर कडक थंडी, त्यात बर्फ पातळ, मग १० सेंमीला १ अंशाहून जास्त फरक पडला की आतली वाफ वर सरकत राहते आणि दाणे कोनदार होतात, एकमेकांना धरतच नाहीत. नवा बर्फ दोन दिवसांत जरा बसतो हे खरं पण हे तळाचे दाणे आठवडेच्या आठवडे तसेच राहतात. आणि ३ म्हणजे मधलं वगैरे काही नाही, त्या आकड्याला माणसाच्या वजनानं हिमस्खलन होण्याची दाट शक्यता असते.

धारेवरचा:
खुणांवर भरवसा ठेवू नका, कळकळीनं सांगतो. मी एकदा पाचवा होतो. चौघं नीट उतरली, मी त्यांच्या बाजूनं दहा-बारा फुटांवर, खडकाचं टोक वर आलेलं तिथं वळलो, आणि स्कीच्या पुढून चीर पळाली, काच तडकते तशी, पार वर धारेपर्यंत. खडकाजवळ थर पातळ, तिथं वजन थेट तळापर्यंत पोचतं. लादी हातभर सरकून थांबली, नाहीतर आज हे लिहायला नसतो.
उताराचा कोन मोजलास का? ३० ते ४५ अंशांत बहुतेक लाद्या सुटतात.

रानवाट:
आणि बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र) आहे म्हणून निघू नकोस. गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढला तर बऱ्याचदा वाचतो, पुढे आशा झपाट्यानं कमी होते, म्हणजे शोधणारे आणि खणणारे तुझेच सोबती हवेत, फावडं नि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाकडे हवं.

बर्फवेडा:
मोजला, ३७ निघाला. उद्या तिकडे जात नाही. झाडीतून २५ अंशांची एक वाट आहे.

धारेवरचा:
त्या वाटेच्या वर काय आहे तेही बघ. डोक्यावर मोठा उतार असेल तर खालून चालतानासुद्धा तो सुटू शकतो.

बर्फवेडा:
नकाशा बघितला, वर रुंद सपाट धार आहे, ३० च्या पुढचं काहीच नाही. सकाळी लवकर निघतो.