वाचनाचा प्लॅन टिकतो कसा?

लोकलवाली_डोंबिवली: दर जानेवारीत वर्षाला 50 पुस्तकं असं ठरवते आणि मार्चमध्ये गाडी अडकते. ऑफिस, स्वयंपाक, लेकीचा अभ्यास, रात्री अंथरुणात दोन पानं वाचली की डोळे मिटतात. तुम्ही लोक कसं जमवता?

खादाड_वाचक: 50 चा आकडा आधी सोड बाई, त्या नादात माणूस पातळ पुस्तकंच शोधत बसतो. रोज 15 पानं धर, 400 पानांची कादंबरी महिन्याभरात आरामात उरकते. आणि झोपताना नको, सकाळी चहा उकळेपर्यंत वाच, मी कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचतो, हसू नका.

ठाणेकर७२: वाचनालय लावा! आमचं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे. परत करायची तारीख डोक्यावर असली की पुस्तक आपोआप संपतं, विकत घेतलेली मात्र वर्षानुवर्षं कपाटात धूळ खातात.

निवांत: मला तर प्लॅन म्हटलं की होमवर्क वाटतं. फक्त एक नियम, 40 पानांत नाही आवडलं तर सरळ बंद. आणि दिवाळीनंतर दोन महिने कादंबऱ्यांना सुट्टी, फक्त दिवाळी अंक, कथा छोट्या असतात त्यामुळे बसायला जागा मिळाली तर लोकलमध्येपण होतात.

लोकलवाली_डोंबिवली: @निवांत जागा?? 8.12 च्या फास्टला?? 😂 चहावालं उद्यापासून करते, आणि आमच्या इथल्या वाचनालयाची वर्गणी विचारून येते शनिवारी.