थेंबाचा 'पृष्ठताण' की थेंबातला 'दाब'?

विचारणा : 'थेंब जितका लहान, तितका त्याचा पृष्ठताण जास्त' असं वाक्य वाचलं. इथे पृष्ठताण हा शब्द बरोबर आहे का?

उत्तर १ : नाही, दाब हवा. पृष्ठताण म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आक्रसायला बघतो ती ओढ. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०७३ न्यूटन असतो. आपल्याला दिसतात त्या आकाराच्या थेंबांत, थेंब लहान की मोठा यावर तो अवलंबून नसतो. तापमान वाढलं किंवा साबण मिसळला तर मात्र कमी होतो. थेंब लहान झाला की वाढतो तो आतला दाब.

थेंब मधोमध कापलाय असं समजा. कापाच्या परिघावर ताण दोन्ही अर्ध्यांना एकत्र ओढतो, तर आतला जादा दाब कापाच्या पूर्ण क्षेत्रफळावर त्यांना दूर ढकलतो. दोन्ही बलं सारखी धरली की जादा दाब = ताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. १ मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबात तो जेमतेम १४६ पास्कल, पण १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या थेंबात हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळजवळ दीडपट!

विचारणा : मग हा जादा, म्हणजेच 'अतिरिक्त दाब', हा आतला एकूण दाब का?

उत्तर १ : नव्हे. बाहेरच्यापेक्षा आत जेवढा जास्त, तेवढाच. आणि 'थेंबातला दबाव' असंही काही जण लिहितात, ते कानाला खटकतं. दबाव माणसांवर येतो, द्रवात असतो तो दाब.

उत्तर २ : थोडी भर. 'ताण' म्हटलं की ताणलेलं रबर डोळ्यांपुढे येतं आणि तिथेच घोळ होतो. रबर जितकं ताणाल तितकी त्याची ओढ वाढते. द्रवाचा पृष्ठभाग वाढवला तर आतले रेणू वर येऊन नवी जागा भरतात, ओढ तेवढीच राहते.

'बुडबुडा' हा शब्द वापरतानाही सांभाळा. पाण्यातल्या हवेच्या बुडबुड्याला एकच पृष्ठभाग, म्हणून सूत्र थेंबाचंच. हवेत तरंगणाऱ्या साबणाच्या बुडबुड्याच्या पापुद्र्याला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन पृष्ठभाग, म्हणून तिथे दुपटीच्या जागी चौपट. मी या दुसऱ्या बुडबुड्याला 'साबणाचा फुगा' म्हणतो, म्हणजे गणितात गल्लत होत नाही. असे दोन फुगे नळीने जोडले तर लहान फुगा आक्रसत जातो आणि मोठा आणखी फुगतो.

विचारणा : म्हणजे मूळ वाक्य 'थेंब जितका लहान, तितका त्यातला अतिरिक्त दाब जास्त' असं करतो.

उत्तर १ : चालेल.