सोरायसिस: झाडपाल्यातलं नेमकं काय लावावं?

कोरांटी
सासूबाईंना (वय ६४) कोपर, गुडघे आणि डोक्यात सोरायसिस आहे. निदान त्वचारोगतज्ज्ञांनी केलंय, कॅल्सिपोट्रिऑलचं मलम चालू आहे. पण त्यांचा ओढा झाडपाल्याकडे, आणि येणारा-जाणारा काही ना काही सुचवतो: बावचीचं तेल, बिब्बा. एका नातेवाइकांनी तर बिनलेबलची क्रीमची डबी आणून दिलीय, ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून. त्यांचं मन मोडायचं नाहीये, पण त्रासही वाढायला नको. यातलं खरंच तपासलेलं काय आहे?

खलबत्ता
मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंचं अगदीच चूक नाही. सोरायसिसचं एक जुनं, खात्रीचं औषध झाडातूनच आलं, तेही गोव्यामार्गे. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातल्या पोकळ्यांत पिवळसर भुकटी साठते. पोर्तुगीजांमुळे ती गोव्यात आणि तिथून मुंबईच्या बाजारात यायची, गजकर्णावर लावायला. इंग्रज तिला ‘गोवा पावडर’च म्हणत. १८७० च्या दशकात लंडनच्या बालमानो स्क्वायर या त्वचारोगतज्ज्ञांनी ती सोरायसिसवर वापरली आणि गुण आला. पहिल्या महायुद्धात हा माल जर्मनीत पोचेना, तेव्हा १९१६ मध्ये तिथे त्याच्याशी मिळताजुळता पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला गेला. तोच डायथ्रॅनॉल. चट्ट्याभोवतीची चांगली कातडी त्याने भाजते, कपड्यांवर तपकिरी-जांभळे डाग पडतात. म्हणून थोडा वेळ ठेवून धुऊन टाकायचं असतं आणि किती टक्क्यांचं, किती वेळ, हे डॉक्टर ठरवतात.

बावचीत सोरालेन असतं, ते कातडीला उन्हाबाबत फार हळवं करतं. सोरालेनची गोळी आणि मोजूनमापून दिलेले अतिनील किरण, या उपचाराने सोरायसिस बरा होताना दिसला तो १९७४ मध्ये, अमेरिकेत. पण तिथे मात्रा मोजलेली होती. घरी तेल चोपडून अंगणात बसलं तर भाजून फोड येतात. हे घरी करू नका.

बिब्बा तर अजिबात नको. सोरायसिसमध्ये जिथे कातडी दुखावते तिथेच नवा चट्टा उठू शकतो, आणि बिब्ब्याचं तेल कातडी जाळतंच.

ती डबी वापरू नका. १९९९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी रुग्णांकडच्या ११ चिनी वनौषधी क्रीम तपासल्या, त्यातल्या ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. चार दिवसांत चट्टे गुळगुळीत होतात, सगळ्यांचा विश्वास बसतो, आणि क्रीम थांबवली की दुखणं उसळून येतं. आपल्याकडेही असे रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी भेटतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण फसतो तो आधीच गांजलेला माणूस.

सह्यवाट
काळ्या कुड्याचं तेल राहिलं की! तमिळनाडूत सिद्ध वैद्य सोरायसिसवर तेच देतात. पानं खोबरेल तेलात बुडवून बाटली उन्हात ठेवतात, तेल हळूहळू जांभळं होत जातं. फक्त झाड नीट ओळखा. पांढरा कुडा वेगळा. काळ्या कुड्याच्या लांब शेंगा जोडीने लोंबतात आणि टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. पांढऱ्याच्या सुट्या असतात.

खलबत्ता
चांगली आठवण केलीत. या पानांपासून पूर्वी नीळ काढायचे. आणि निळीवर तैवानमध्ये बरं काम झालंय: २००८ मध्ये ४२ रुग्णांच्या एका बाजूच्या चट्ट्यांवर नीळ घातलेलं मलम आणि दुसऱ्या बाजूला नुसतं मलम लावून पाहिलं. निळीची बाजू स्पष्टपणे सुधारली. त्यातलं इंडिरुबिन पेशींची बेसुमार वाढ रोखतं असं दिसतं. कुड्याच्या तेलावर एवढा भक्कम अभ्यास नाही, पण सासूबाईंना काहीतरी झाडाचं लावायचंच असेल तर मी हेच सुचवेन. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. लाली, खाज आली तर थांबवा. उशीला जुना अभ्रा घाला.

केळफूल
धाग्याला जोडूनच विचारते. मुलीला (वय ३) इसब आहे. आजी मोहरीचं तेल चोळते. चालेल?

खलबत्ता
मोहरीचं नको, त्याने त्वचेचं वरचं आवरण कमकुवत होतं. व्हर्जिन खोबरेल चांगलं, लहान मुलांच्या इसबावर त्याची चाचणी झालेली आहे. अंघोळ झाल्यावर, अंग ओलसर असतानाच लावा. खाज फार असेल तर ओट्सचं बारीक पीठ अंघोळीच्या कोमट पाण्यात मिसळा. त्यातली अ‍ॅव्हेनान्थ्रामाइड्स खाज शमवतात. डॉक्टरांनी दिलेलं मलम मात्र बंद करू नका.

कोरांटी
खूप आभार. डबी बाजूला ठेवली, कुड्याच्या तेलाचं त्यांना सांगितलं, खूश आहेत. एकच राहिलं: डोक्यातल्या जाड खपल्यांचं काय करू? आणि त्यांना बीपीची गोळीही आहे.

खलबत्ता
गोळीचं नाव त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बीटा ब्लॉकर गटातली असेल तर तिने सोरायसिस वाढू शकतो. पण मनाने बंद करू नका, बदलायची तर डॉक्टरच बदलतील. खपल्यांसाठी खोबरेल रात्रभर मुरू द्या, सकाळी मऊ झाल्या की सौम्य शाम्पूने धुवा, नखांनी खरवडू नका. जास्त जाड असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं लोशन मिळतं, तेही मुळात विलोच्या सालीतल्या पदार्थावरून आलेलं. फक्त ते आणि कॅल्सिपोट्रिऑल एकाच जागी, एकाच वेळी लावू नका. आम्लामुळे कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं.