स्वीट विल्यमला कळीच धरत नाही, मदत हवी आहे

कुंडीवाली: रोपं झकास वाढलीत, हिरवीगार, पण एकही कळी नाही. पाकिटावर केवढे ते झुपके! पाणी, खत सगळं वेळेवर. कुणीतरी लवकर सांगा, नाहीतर उपटून पालक लावते.

शेणखतप्रेमी: आठवड्यातून एकदा शेण-गोमूत्राचं जीवामृत. माझी शेवंती बघा कशी लगडलीये.

रानजाई: शेवंतीचं कोण विचारतंय? ताई, राहता कुठे? पेरलं कधी? खत कुठलं?

गच्चीकर: पुण्यात ऑक्टोबरात पेरायचं, फेब्रुवारीपासून फुलं. उन्हाळ्यात पेरलं असेल तर विसरा.

कुंडीवाली: अहो पुणे कुठलं, इंग्लंडमधलं लीड्स! मेमध्ये पेरलं, आता सप्टेंबर संपत आला. खत लॉनचं उरलं होतं तेच.

रानजाई: मग रोपांचं काही बिघडलेलं नाही. हे द्विवर्षायू झाड आहे. पहिल्या वर्षी नुसती पानं, मग थंडी खायची आणि पुढच्या मे-जूनमध्ये फुलायचं. लॉनचं खत मात्र बंद करा. त्यात नायट्रोजन जास्त. पानं लुसलुशीत होतात आणि तांबेरा, म्हणजे पानांवरची तांबूस बुरशी, पटकन धरतो.

शेणखतप्रेमी: म्हणून सांगतो, रासायनिक नकोच.

रानजाई: ताजं शेणखत घातलं तरी पानंच माजतील, दादा.

कुंडीवाली: पुढचा मे?? बरं, मग हिवाळाभर कुंड्या घरात ठेवते.

गच्चीकर: हो हो, घरातच. बर्फात मरेल बिचारं.

रानजाई: अजिबात नको! हीटरजवळ ठेवलंत तर थंडी मिळणार नाही, मग मेमध्येही पानंच बघत बसाल. हे गारठ्याला भीत नाही, साचलेल्या पाण्याला भितं. कुंडीखाली विटा ठेवा, निचरा झाला पाहिजे.

चहाबाज: मी सगळ्या कुंड्यांत कॉफीचा चोथा घालतो. रामबाण.

रानजाई: याला किंचित चुनखडीची माती आवडते. चोथा तुमच्या गुलाबांनाच लखलाभ.

चहाबाज: मला गुलाब नाहीत.

कुंडीवाली: याच वर्षी फुलणारी जात नसते का?

रानजाई: असते. पाकिटावर 'पहिल्याच वर्षी फुलणारी' असं बघून घ्या आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात, खिडकीत पेरा. आहेत ती रोपं उपटू नका, एवढं ऐका.

गच्चीकर: लीड्सला कढीपत्ता जगतो का हो? मुलगी तिकडे चाललीय.

कुंडीवाली: खिडकीत जगतो, पण रुसून. वेगळा धागा काढा, तिथे सांगते.