चाचणी न झालेलं मशीन पेशंटला लावताना घरच्यांना सांगायचं की नाही?

नाशिककर:
धमण-१ आठवतंय का कोणाला? राजकोटच्या कंपनीने घाईघाईत बनवलेलं मशीन, एप्रिल २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अहमदाबाद सिव्हिलमध्ये सुरू झालं ते व्हेंटिलेटर म्हणून. आधी एकाच पेशंटवर वापरून बघितल्याच्या बातम्या होत्या. आणि मे महिन्यात सिव्हिलनेच वर पत्र लिहिलं की याने पाहिजे तसा रिझल्ट मिळत नाहीये, आम्हाला हाय-एंड व्हेंटिलेटर द्या. मशीन चांगलं की वाईट यावर मी भांडत नाहीये. ज्यांना ते लावलं त्यांच्या घरच्यांना "हे नवीन आहे, याचा अनुभव आमच्याकडेही नाही" एवढं सांगायला पाहिजे होतं, आणि यात मला काहीही तडजोड मान्य नाही.

बायोमेडिकलवाला:
तो काळ विसरलात वाटतं. बाहेरून व्हेंटिलेटर येत नव्हते, देशोदेशी सगळ्यांची तीच ओढाताण, आणि हे मशीन लाखाच्या आत तयार होत होतं. गुजरात सरकारने तेव्हाच सांगितलेलं की गांधीनगरच्या लॅबमध्ये कृत्रिम फुफ्फुसावर टेस्ट झालंय, म्हणजे "अनटेस्टेड" हा शब्दच चुकीचा. आणि पेशंट गुदमरतोय, नातेवाईक घरात क्वारंटाइन, फोन लागत नाही, मग काय फॉर्म घेऊन बसायचं? समीरा कोहली केसमध्ये २००८ ला सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की जीव वाचवायला तातडीने करावं लागलं तर संमतीसाठी थांबायची गरज नाही.

वकिलीण_पुणे:
ती केस पूर्ण वाचा ना मग. त्यात बाईने तपासणीसाठी संमती दिली होती आणि बेशुद्धीत गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. कोर्ट म्हणालं एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही, आणि तातडीची सवलत फक्त जीव वाचवण्यापुरती. आता धमणचं बघा, सही घेतली असेल तरी "व्हेंटिलेटर लावतोय" यावर घेतली असणार, आणि तिथले डॉक्टरच पुढे म्हणत होते की हे तर यांत्रिक अंबू बॅगसारखं (हाताने दाबून हवा द्यायची पिशवी) आहे. मग घरच्यांनी नक्की कशाला हो म्हटलं?

बायोमेडिकलवाला:
कृत्रिम फुफ्फुस आणि कोविडचं फुफ्फुस एक नाही हे मान्य. पण प्रत्येक नवीन वस्तू पहिल्यांदा कोणावर तरी वापरावीच लागते, सगळ्यांना घाबरवून सोडलं तर कोणी हो म्हणणारच नाही आणि आपण जन्मभर बाहेरूनच मागवत बसू.

वकिलीण_पुणे:
हो म्हणतात लोक. १९८२ ला अमेरिकेत युटामध्ये बार्नी क्लार्क नावाच्या डेंटिस्टला जार्विक-७ हे कृत्रिम हृदय बसवलं, कायमचं म्हणून पहिलंच. ११ पानी संमतीपत्र, वाचून सही केली त्यांनी. नकोसं झालं तर मशीन बंद करायची किल्लीसुद्धा त्यांच्याकडे दिलेली. ११२ दिवस जगले. सगळं माहीत असून हो म्हणाले की नाही?

रात्रपाळी_सिस्टर:
मी मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात होते २०२१ ला, नाव नाही लिहीत. नवीन व्हेंटिलेटर आले, ट्रेनिंग असं नाहीच, बॉक्समधून काढा आणि लावा. एक मशीन मध्येच प्रेशर देईना, मी रात्रभर त्या आजोबांच्या शेजारी अंबू बॅग हातात धरून उभी होते आणि बाहेर त्यांचा मुलगा मला विचारतोय, ताई, मशीन चालू आहे ना? काय सांगणार मी त्याला? मलाच कोणी काही सांगितलेलं नव्हतं! तुम्ही सगळे नातेवाईकांच्या संमतीचं बोलताय, बरोबर आहे, पण आधी आम्हाला तर सांगा की मशीन कुठे अडकतं, अलार्म कधी खोटा वाजतो. त्यानंतर औरंगाबाद खंडपीठापुढे तो अहवाल आला ना, घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयात, आलेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी वापरायला काढलेले ११३ सदोष, तेव्हा मला फार रडू आलं.

बायोमेडिकलवाला:
सिस्टर, ट्रेनिंगचं तुमचं शंभर टक्के पटलं. पण त्या रात्री तुमच्याकडे ते मशीन किंवा काहीच नाही एवढेच दोन पर्याय असते तर लावलंच असतं ना?

रात्रपाळी_सिस्टर:
लावलं असतं दादा. पण मुलाला फोनवर दोन वाक्यं सांगूनच लावलं असतं, अर्धं मिनिट लागतं त्याला. म्हटलं असतं नवीन मशीन आहे, बिघडलं तर मी हाताने हवा देईन, चालेल का. आणि तो नको म्हणाला असता तर पहिल्यापासूनच बॅग धरली असती मी.